ऊर्जा सारखी, पण ज्वलनवेग तिप्पट: घन प्रणोदकातील घटक नेमके काय ठरवतात?

अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्याने अमोनियम परक्लोरेट (ऑक्सिजन पुरवणारा क्षार), ॲल्युमिनियम आणि रबरी बाइंडर (कण धरून ठेवणारा पदार्थ) असलेल्या दोन घन प्रणोदकांचे, म्हणजे रॉकेटमध्ये जळणाऱ्या घन मिश्रणांचे, उष्मारासायनिक गणित केले. दोन्हींचा विशिष्ट आवेग (ठरावीक वजनाच्या प्रणोदकातून मिळणारा आवेग) आणि ज्वालेचे तापमान जवळजवळ सारखे आले. प्रकाशित आकडे पाहिले तेव्हा मात्र एकाच दाबाला एकाचा ज्वलनवेग, म्हणजे जळणारा पृष्ठभाग आत सरकण्याचा वेग, दुसऱ्याच्या जवळपास तिप्पट होता. गणितात काय चुकले, आणि कोणत्या घटकाने ज्वलनवेग किती बदलतो याचा एखादा तक्ता उपलब्ध आहे का, असे त्याने विचारले आहे.

गणितात काहीही चुकलेले नाही. तक्त्याबद्दल मात्र प्रथमच सांगतो की असा तक्ता नाही, आणि तो का असू शकत नाही हे समजून घेणे म्हणजेच तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. माझा बहुतेक काळ ज्वलनवेगाच्या चाचण्या घेण्यात आणि त्या चाचण्यांचे निकाल छोट्या रॉकेट मोटरमध्ये पडताळून पाहण्यात गेला आहे. त्या अनुभवातून जे कळले ते येथे मांडतो. मिश्रणाची प्रमाणे आणि बनवण्याची कृती मी देणार नाही. हे पदार्थ मिसळताना, दळताना आणि कापताना पेट घेऊ शकतात, आणि ते काम योग्य व्यवस्था असलेल्या प्रयोगशाळेत प्रशिक्षित माणसांनीच करायचे असते. तुमच्या प्रश्नाला त्या तपशिलांची गरजही नाही.

प्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकत्र आले आहेत. पहिला प्रश्न एकूण उष्णता किती निर्माण होते आणि अखेरीस कोणते वायू तयार होतात हा आहे. दुसरा प्रश्न ती उष्णता किती वेगाने निर्माण होते हा आहे. उष्मारासायनिक गणित फक्त पहिल्याचे उत्तर देते, कारण सगळ्या अभिक्रिया पूर्ण होऊन समतोल साधला गेला आहे असे ते गृहीत धरते. त्या गणितात घड्याळ नसते आणि मोजपट्टीही नसते. परक्लोरेटचे कण 5 मायक्रोमीटरचे आहेत की 400 मायक्रोमीटरचे, हे त्याला कोठेही सांगावे लागत नाही, आणि दोन्ही वेळा उत्तर तेच येते. प्रत्यक्षात मात्र या एका फरकाने ज्वलनवेग काही पटींनी बदलू शकतो.

घन प्रणोदक पृष्ठभागावरून थराथराने जळत जाते. ॲल्युमिनियमयुक्त प्रणोदकाच्या ज्वालेचे तापमान 3000 केल्विनच्या वर असते, तर जळणाऱ्या पृष्ठभागाचे तापमान साधारण 850 ते 900 केल्विन असते. पृष्ठभागाखालचा प्रणोदक अजून थंडच असतो. ज्वालेकडून परत पृष्ठभागाकडे येणारी उष्णता पुढच्या थराला तापवते, त्याचे विघटन करते आणि त्यातून निघालेले वायू पुन्हा ज्वालेला खाद्य पुरवतात. प्रणोदकाची उष्णता-विसरणक्षमता आणि ज्वलनवेग यांच्या भागाकारावरून तापलेल्या थराची जाडी काढता येते. सेकंदाला 10 मिलीमीटर वेगाने जळणाऱ्या प्रणोदकासाठी ती सुमारे 15 मायक्रोमीटर भरते, म्हणजे माणसाच्या केसाहूनही कितीतरी कमी. ज्वलनवेग ठरवणारे जवळजवळ सगळे काही या पातळ थरात आणि त्याच्या वरच्या काही दशक मायक्रोमीटरच्या वायूच्या पट्ट्यात घडते.

म्हणून कोणताही घटक समोर आला की मी दोन गोष्टी विचारतो. हा घटक उष्णता पृष्ठभागाच्या जवळ निर्माण करतो की दूर? आणि वायुरूप होण्यासाठी हा स्वतः किती उष्णता घेतो? घटकात एकूण ऊर्जा किती आहे हा प्रश्न ज्वलनवेगाच्या संदर्भात बराच मागे येतो. पृष्ठभागापासून खूप वर मुक्त होणारी प्रचंड उष्णता रेटा वाढवते, पण पुढचा थर तापवायला ती फारशी उपयोगी पडत नाही. उलट अगदी जवळ मुक्त होणारी थोडी उष्णता वेगावर मोठा परिणाम करते.

दाबाचा परिणामही याच दृष्टीने पाहावा. फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल व्हिएल यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम सांगतो की ज्वलनवेग दाबाच्या एका घाताच्या प्रमाणात बदलतो. दाब वाढला की वायूंतील अभिक्रिया झपाट्याने होतात, ज्वाला खाली सरकते आणि पृष्ठभागाला जास्त उष्णता मिळते. ती किती खाली सरकते याचा सारांश म्हणजे दाब घातांक. पुस्तकांत तो एक स्थिरांक म्हणून दिलेला असतो, म्हणून विद्यार्थी त्याला पदार्थाचा स्थायी गुणधर्म समजतात. प्रत्यक्षात तो ठरावीक दाबांच्या टप्प्यापुरताच खरा असतो आणि त्या टप्प्याबाहेर बदलतो.

या घातांकाकडे रचनाकार ज्वलनवेगाइतकेच, कधी कधी त्याहून जास्त लक्ष देतात. मोटरमधला दाब हा जळणारे क्षेत्रफळ आणि नोझलच्या गळ्याचे क्षेत्रफळ यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असतो, आणि त्या गुणोत्तराच्या घातात एकातून दाब घातांक वजा करून येणारी संख्या छेदात बसते. समजा मोटरमधल्या प्रणोदकाच्या ठोकळ्यात एखादी भेग पडली आणि जळणारे क्षेत्रफळ 10 टक्क्यांनी वाढले. घातांक 0.3 असेल तर दाब सुमारे 15 टक्क्यांनी वाढेल. घातांक 0.5 असेल तर 21 टक्क्यांनी, 0.7 असेल तर 37 टक्क्यांनी आणि 0.8 असेल तर तब्बल 61 टक्क्यांनी. भेग तीच, पण एका मोटरचे आवरण तग धरते आणि दुसरीचे फुटते. घातांक एक किंवा त्याहून जास्त झाला तर स्थिर दाब टिकणारच नाही. ज्वलनवेग वाढवणारा एखादा घटक घातांकही वाढवत असेल, तर मी त्याच्याबद्दल फार सावध असतो.

आता अमोनियम परक्लोरेटकडे वळतो, कारण तुमच्या तिप्पट फरकाचे मूळ बहुधा येथेच आहे. या क्षाराच्या वजनाच्या 34 टक्के इतका ऑक्सिजन इंधनासाठी मोकळा उरतो. शिवाय तो केवळ ऑक्सिजन पुरवणारा क्षार नाही. पुरेशा दाबाखाली, साधारण 20 बारच्या वर, तो इंधनाशिवाय स्वतःच जळू शकतो. ही त्याची स्वतःची ज्वाला सुमारे 1400 केल्विनची, म्हणजे तुलनेने थंड असते, पण ती पृष्ठभागाला अगदी चिकटून असते. त्यातून निघणारे ऑक्सिजनयुक्त वायू आणि शेजारच्या बाइंडरच्या विघटनातून निघणारे इंधनवायू एकमेकांत मिसळल्यावर खरी उष्ण ज्वाला तयार होते. ही ज्वाला किती उंचीवर बसेल हे दोन गोष्टींवर अवलंबून असते: वायू एकमेकांत मिसळायला किती अंतर लागते, आणि मिसळल्यानंतर अभिक्रिया पूर्ण व्हायला किती अंतर लागते.

मिसळण्याचे अंतर कणाच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. कण मोठा असला की त्याच्या मधोमध निघालेल्या ऑक्सिजनला कडेच्या इंधनवायूपर्यंत पोहोचायला बराच वेळ लागतो, आणि तोवर ते वायू पृष्ठभागापासून बरेच वर गेलेले असतात. कण बारीक असला की ऑक्सिजन आणि इंधन जवळजवळ पृष्ठभागावरच एकत्र येतात, ज्वाला खाली बसते आणि वेग वाढतो. बारीक कणांनी वेग वाढण्याचे कारण अनेकजण पृष्ठभागाचे वाढलेले क्षेत्रफळ असे सांगतात. ते पूर्ण चूक नाही, पण त्याने पुढची गोष्ट समजत नाही.

पुढची गोष्ट अशी की कणांच्या आकाराचा परिणाम सर्व दाबांना सारखा नसतो, आणि मला या विषयातला हा भाग सर्वांत समाधान देणारा वाटतो. अगदी कमी दाबाला रासायनिक अभिक्रियाच इतक्या मंद असतात की वायूंना मिसळायला भरपूर अवसर मिळतो. तेथे कण लहान की मोठा याने फारसा फरक पडत नाही. दाब वाढला की अभिक्रियेचे अंतर झपाट्याने कमी होते. मिसळण्याचे अंतर मात्र तसे कमी होत नाही, कारण वायूची घनता आणि त्याचा विसरण-गुणांक यांचा गुणाकार दाबाने जवळजवळ बदलत नाही. मोटर ज्या मधल्या दाबांवर चालते तेथे म्हणूनच मिसळणे हीच अडचण ठरते, आणि कणांचा आकार सगळ्यात जास्त बोलतो. जाड कण असलेल्या प्रणोदकाचा घातांक या पट्ट्यात बहुधा कमी असतो, त्याचेही कारण हेच: दाब वाढवला तरी ज्वाला फार खाली येऊ शकत नाही. दाब आणखी खूप वाढला की परक्लोरेटची स्वतःची, पृष्ठभागाला चिकटलेली ज्वाला वर्चस्व गाजवते आणि कणांच्या आकाराचे महत्त्व पुन्हा उतरते. बेकस्टेड, डेर आणि प्राइस या संशोधकांनी 1970 मध्ये मांडलेले अनेक ज्वालांचे प्रतिरूप याच विचारावर उभे आहे. ते जरूर वाचा. त्यानंतरची प्रतिरूपे अधिक अचूक आहेत, पण कोणता परिणाम कोठून येतो हे समजण्यासाठी आजही मी प्रथम तेच हाती देतो.

मग सगळे कण बारीकच का घेत नाहीत? कारण मिश्रण ओतता यायला हवे. रबरी बाइंडरच्या प्रणोदकात घन पदार्थांचे प्रमाण वजनाने 85 टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही थोडे जास्त असते. इतके घन कण थोड्याशा चिकट द्रवात बसवायचे तर मोठ्या कणांमधल्या फटींत लहान कण बसतील अशी दोन किंवा तीन आकारांची सांगड घालावी लागते. सगळेच कण बारीक असतील तर मिश्रण इतके घट्ट होते की ते साच्यात नीट उतरत नाही. मग आत पोकळ्या राहतात, आणि पोकळी म्हणजे ज्वलनासाठी आयते वाढलेले क्षेत्रफळ. बारीक परक्लोरेट घर्षणाला आणि आघातालाही जास्त संवेदनशील असते. जाड आणि बारीक कणांचे आपसातले प्रमाण म्हणूनच वेग साधण्याचे रोजचे साधन असते. एकूण रासायनिक प्रमाण तेच ठेवून, म्हणजे तुमच्या गणिताचे उत्तर न बदलता, ज्वलनवेग हवा तसा सरकवता येतो. तुमच्या दोन प्रणोदकांमध्ये हेच घडले असण्याची शक्यता मला सर्वांत जास्त वाटते.

येथे माझा एक अनुभव सांगतो. कागदावर अगदी एकच असलेल्या दोन मिश्रणांच्या ज्वलनवेगात आम्हाला काही टक्क्यांचा फरक दिसू लागला. आम्ही उत्प्रेरक तपासला, बाइंडरचा साठा बदलून पाहिला, दाबमापकांची पुन्हा पडताळणी केली, आणि काहीच हाती लागले नाही. शेवटी बारीक परक्लोरेटचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तेव्हा कारण दिसले. दळल्यानंतर ते काही दिवस पडून राहिले होते, थोडी आर्द्रता लागली होती आणि बारीक कण एकमेकांना चिकटून त्यांचे घट्ट पुंजके झाले होते. नोंदवहीत लिहिलेला आकार दळण्याच्या दिवशीचा होता. ज्वालेला मात्र मिश्रणात प्रत्यक्ष उतरलेल्या पुंजक्यांचा आकार जाणवत होता. तेव्हापासून कणांच्या आकाराची संख्या कोणी सांगितली की ती कोणत्या दिवशी आणि कोणत्या पद्धतीने मोजली, हे मी आधी विचारतो.

ॲल्युमिनियमबद्दलचा गैरसमज तर फारच पसरलेला आहे. ॲल्युमिनियम भरपूर उष्णता देते, म्हणून ते ज्वलनवेगही वाढवत असणार असे सर्वांना वाटते. नेहमीच्या आकाराच्या, म्हणजे दहा ते काही दशक मायक्रोमीटरच्या भुकटीच्या बाबतीत हा परिणाम अपेक्षेपेक्षा बराच लहान असतो. ॲल्युमिनियम 660 अंश सेल्सिअसला वितळते, पण त्याच्या प्रत्येक कणावर ऑक्साइडचे कवच असते आणि ते कवच सुमारे 2050 अंशांपर्यंत वितळत नाही. त्यामुळे कण पृष्ठभागावर लगेच पेटत नाहीत. ते तेथे साचतात, एकमेकांत मिसळून मोठे थेंब बनतात, मग वायूच्या झोताबरोबर उचलले जातात आणि पृष्ठभागापासून बऱ्याच अंतरावर जळतात. उष्णता भरपूर मिळते, पण दूर. विशिष्ट आवेग वाढतो, ज्वालेचे तापमान वाढते, आणि पुढचा थर तापवण्यात मात्र ॲल्युमिनियमचा वाटा माफकच राहतो.

येथे दोन घटक एकमेकांत कसे गुंततात हेही पाहण्यासारखे आहे. ॲल्युमिनियमचे बारीक कण जाड परक्लोरेट कणांच्या मधल्या फटींत, बाइंडरबरोबर कोंबले जातात. जाड परक्लोरेटचे प्रमाण वाढवले की या फटी मोठ्या होतात, प्रत्येक फटीत जास्त ॲल्युमिनियम साठते आणि थेंब मोठे होतात. मोठे थेंब मोटरमध्ये पूर्ण जळत नाहीत, नोझलभोवती गाळ म्हणून साचतात, आणि त्यांतून होणारे ऑक्साइडचे मोठे कण वायूच्या वेगाशी बरोबरी करू न शकल्याने रेट्याची हानी होते. म्हणजे ॲल्युमिनियमला हातही न लावता, केवळ परक्लोरेटचा आकार बदलून तुम्ही ॲल्युमिनियमचे ज्वलन बिघडवू शकता. आम्ही एकदा उलट दिशेने प्रयत्न केला आणि वेग वाढेल या आशेने जरा बारीक ॲल्युमिनियम घेतले. वेग जवळजवळ हललाच नाही, पण गाळाचे वजन स्पष्टपणे बदलले. नॅनो आकाराच्या ॲल्युमिनियमची गोष्ट वेगळी आहे. ते पृष्ठभागाच्या अगदी जवळ पेटते आणि वेग खरोखर वाढवते. त्याची किंमतही तशीच मोजावी लागते: ऑक्साइडचे काही नॅनोमीटरचे कवच त्या चिमुकल्या कणाच्या वजनाचा मोठा हिस्सा व्यापते, मिश्रण घट्ट होते आणि साठवणुकीत ते लवकर खराब होते.

ॲल्युमिनियमचा आणखी एक उपयोग समतोलाच्या गणितात दिसतच नाही. ज्वलनातून तयार होणारे ऑक्साइडचे बारीक थेंब वायूतील ध्वनिलहरींची ऊर्जा शोषून घेतात. ज्वलन आणि मोटरच्या पोकळीतील ध्वनिलहरी यांची सांगड जुळली तर दाबाची आंदोलने वाढत जातात, आणि त्यांत मोटर निकामी होऊ शकते. कमी धुरासाठी ॲल्युमिनियम काढून टाकलेल्या प्रणोदकांत ही अस्थिरता पुन्हा डोके वर काढते, आणि मग उच्च वितळणबिंदूचे दुसरे निष्क्रिय कण थोड्या प्रमाणात घालावे लागतात. एक घटक काढल्यावर त्याने मूकपणे केलेले काम असे नंतर लक्षात येते.

बाइंडरबद्दल लोक फार कमी बोलतात. रबर म्हणजे फक्त कण धरून ठेवणारा गोंद नव्हे, तो इंधनही आहे. त्याच्या विघटनाला किती उष्णता लागते, तो थेट वायुरूप होतो की आधी वितळून पसरतो, यावर पुष्कळ काही ठरते. पृष्ठभागावर वितळलेला बाइंडर बारीक परक्लोरेट कणांवर पसरला तर त्यांची ज्वाला दबते, आणि काही मिश्रणांत त्यामुळे एखाद्या दाबपट्ट्यात वेग दाबाबरोबर वाढायचे थांबतो. हायड्रॉक्सिल-टर्मिनेटेड पॉलिब्युटाडायीन हे रबर लोकप्रिय झाले त्याचे कारण मात्र ज्वलनापेक्षा यांत्रिक गुणांत आहे: थंडीतही ते लवचीक राहते आणि ठोकळ्याला भेगा पडू देत नाही. घातांकाचे वरचे उदाहरण आठवा, म्हणजे यांत्रिक गुण हा ज्वलनाचाही प्रश्न का आहे हे कळेल. 1942 मध्ये पहिल्यांदा ओतता येणारे संमिश्र प्रणोदक बनले त्यात डांबर आणि पोटॅशियम परक्लोरेट होते. उन्हाळ्यात मऊ होणारे आणि थंडीत तडकणारे डांबर मागे पडून रबर आले, आणि घन क्लोराइडचा दाट धूर देणाऱ्या पोटॅशियम क्षाराच्या जागी जवळजवळ सर्वस्वी वायू देणारे अमोनियम परक्लोरेट आले.

उत्प्रेरकांचे प्रमाण अगदी थोडे असते, परिणाम मोठा असतो. स्पेस शटलच्या बूस्टरमधील प्रणोदकात लोहाच्या ऑक्साइडचे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी होते, आणि तरीही ज्वलनवेग नेमका ठेवण्याचे ते एक महत्त्वाचे साधन होते. लोहाचे ऑक्साइड आणि कॉपर क्रोमाइट हे परक्लोरेटचे विघटन आणि पृष्ठभागाजवळच्या अभिक्रिया वेगवान करतात, म्हणजे उष्णता जवळ आणतात. उत्प्रेरकाचाही कणाकार आणि पसरण महत्त्वाची असते, त्यामुळे समान टक्केवारीचे दोन नमुने वेगळे वागू शकतात. फेरोसीन या लोहाच्या सेंद्रिय संयुगापासून बनलेले द्रव उत्प्रेरक जास्त प्रभावी असतात, पण त्यांतले काही कालांतराने प्रणोदकातून शेजारच्या अस्तरात झिरपतात. मग ठोकळ्याचा एक भाग वेगळ्या वेगाने जळतो. याउलट ऑक्सामाइडसारखे घटक विघटित होताना उष्णता शोषून घेतात आणि वेग कमी करतात.

येथवरचे थोडक्यात सांगायचे तर, परक्लोरेटचा कणाकार ज्वालेची उंची बदलतो, उत्प्रेरक पृष्ठभागाजवळची उष्णता वाढवतो, बाइंडर पृष्ठभागाचे वर्तन बदलतो, आणि नेहमीचे ॲल्युमिनियम ऊर्जा व अस्थिरता या बाजूंवर जास्त आणि वेगावर कमी काम करते. हे सगळे अमोनियम परक्लोरेटच्या कुटुंबापुरते आहे. ऑक्सिडायझर, म्हणजे ऑक्सिजन पुरवणारा घटक, बदलला की नियमच बदलतात.

अमोनियम नायट्रेटचे उदाहरण घ्या. ते 169 अंशांना वितळते, त्याची स्वतःची ज्वाला दुबळी असते, आणि त्याची प्रणोदके सावकाश जळतात. त्यावर कण बारीक करण्याचा उपाय परक्लोरेटइतका लागू पडत नाही, कारण कण पृष्ठभागावर वितळून आपला आकारच हरवतात. शिवाय सुमारे 32 अंशांना त्याची स्फटिकरचना बदलते आणि आकारमानही बदलते, त्यामुळे ऋतूंच्या चढउतारात ठोकळ्याला भेगा पडतात. त्याला स्थिर करण्यासाठी दुसरे क्षार मिसळावे लागतात. आरडीएक्स आणि एचएमएक्स या नायट्रामाइन गटातील स्फोटक पदार्थांतही पृष्ठभागावर वितळलेला थर बनतो. त्यांना जळण्यासाठी बाइंडरच्या वायूंची फारशी गरज नसते, म्हणून मिसळण्याच्या अंतराचा मुद्दा मागे पडतो आणि घातांक बहुधा जास्त राहतो. नायट्रोसेल्युलोज आणि नायट्रोग्लिसरीन यांच्या द्विआधारी प्रणोदकांत तर ऑक्सिजन आणि इंधन एकाच रेणूत असतात. तेथे पृष्ठभाग आणि तेजस्वी ज्वाला यांच्यामध्ये एक अंधारा पट्टा दिसतो, आणि कमी दाबाला तो डोळ्यांना दिसण्याइतका रुंद असतो. अशा प्रणोदकात शिशाचे क्षार थोडेसे घातले की एका दाबपट्ट्यात वेग दाबाबरोबर जवळजवळ वाढतच नाही. हा परिणाम रचनाकारांना फार हवाहवासा आहे. शिसे विषारी असल्याने त्याच्या जागी बिस्मथच्या संयुगांवर काम झाले आहे.

परक्लोरेटला पर्याय शोधण्यामागे त्याच्या धुरातला हायड्रोजन क्लोराइड हे मोठे कारण आहे. 1971 मध्ये सोव्हिएत संघात प्रथम तयार झालेल्या अमोनियम डायनायट्रामाइडकडे म्हणूनच पाहिले जाते. त्यात क्लोरिन नाही आणि ऊर्जाही चांगली आहे. पण त्याचा ज्वलनवेग आणि घातांक दोन्ही वरच्या बाजूला असतात, ते हवेतली आर्द्रता ओढते आणि 93 अंशांच्या आसपासच वितळते. समतोलाच्या गणितात हे परक्लोरेटपेक्षा सरस दिसेल. मोटरमध्ये ते वापरण्याजोगे करणे हे वेगळे आणि कठीण काम आहे.

आता ज्या गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत त्यांबद्दल सांगतो, कारण प्रकाशित आकड्यांची तुलना करताना येथेच घोटाळा होतो. पहिली गोष्ट म्हणजे प्रणोदकाचे सुरुवातीचे तापमान. संमिश्र प्रणोदकांचा वेग दर अंश सेल्सिअसला साधारण 0.1 ते 0.3 टक्के बदलतो. 0.2 टक्के धरले तर 40 अंशांच्या फरकाने वेग 8 टक्के बदलेल. घातांक 0.5 असलेल्या मोटरमध्ये त्याच फरकाने दाब सुमारे 16 ते 17 टक्क्यांनी बदलेल. दुसरी गोष्ट मोजण्याची पद्धत. स्ट्रँड बर्नर या चाचणी-उपकरणात पेन्सिलीसारखी बारीक कांडी जळते, तिच्या कडांतून उष्णता निसटते आणि शेजारून वायूचा झोत वाहत नाही. मोटरमध्ये तो वाहतो, आणि पृष्ठभागाला समांतर वेगवान झोत ज्वालेला खाली दाबून वेग वाढवतो. सावकाश जळणाऱ्या प्रणोदकांना या क्षरणात्मक ज्वलनाचा उपद्रव जास्त होतो, कारण त्यांची ज्वाला मुळात दूर असते. इतकेच काय, मिश्रण साच्यात ओतताना कण प्रवाहाबरोबर कसे मांडले गेले यानेही ठोकळ्याच्या जाडीत वेग काही टक्क्यांनी बदलतो. मी कांडीवर मोजलेल्या वेगाला मोटरचा वेग म्हणत नाही. मिश्रणांची आपसात तुलना करायला कांडी पुरते, निर्णय मात्र मोटरच्या चाचणीवर घेतो.

तक्ता का असू शकत नाही हे आता उघड आहे. लोहाच्या ऑक्साइडने वेग किती वाढतो याचे उत्तर परक्लोरेट किती बारीक आहे, दाब किती आहे आणि बाइंडर कोणता आहे यांवर अवलंबून असते. परक्लोरेट आधीच बारीक असेल तर उत्प्रेरकाला वाव कमी उरतो का, हे सुद्धा त्या त्या मिश्रणात मोजूनच सांगता येते. घटकांचे परिणाम एकमेकांत मिळवून बेरीज करता येत नाहीत.

तुमच्या तुलनेसाठी माझी सूचना अशी आहे. दोन्ही प्रकाशित नोंदी पुन्हा उघडा आणि रासायनिक प्रमाणांऐवजी चार गोष्टी शोधा: परक्लोरेटच्या जाड आणि बारीक कणांचे आकार व त्यांचे आपसातले प्रमाण, उत्प्रेरक आहे का आणि कोणता, मोजणीचे तापमान, आणि मोजणी कांडीवर झाली की मोटरमध्ये. कणांचे आकार दिलेले नसतील तर त्या दोन आकड्यांची तुलना करू नका. ते दिलेले असतील, तर दोन्हींचे वेग एकाच दाबाऐवजी निदान तीन दाबांवर आलेखात मांडा, दोन्ही अक्ष लघुगणकी ठेवा आणि रेषांचा उतार पाहा. जाड कणांच्या प्रणोदकाची रेषा मधल्या दाबांत सपाट होत असेल तर मिसळण्याचे अंतर तेथे आडवे येत आहे. दोन्ही रेषा समांतर राहून एक नुसती वर सरकलेली असेल तर कणाकारापेक्षा उत्प्रेरकाकडे किंवा तापमानाकडे आधी पाहा. तो आलेख तयार झाला की कणांच्या आकारांसह पाठवा. आकडे समोर असतील तर अधिक नेमके सांगता येईल.